पावणेदोन किलो

आमच्या सोसायटीच्या इतिवृत्ताच्या वहीत माझ्या अक्षरातलं एक वाक्य आहे. अक्षर देखणं आहे, शुद्धलेखन बिनचूक आहे आणि वाक्य खोटं आहे. ते लिहिताना ते खोटं आहे हे मला माहीत होतं. ज्यांच्याबद्दल ते लिहिलं ते माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून पेरू खात होते. अर्धा पेरू त्यांनी मला दिला आणि मी तो खाल्लाही.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या वहीत ते आहे, आणि नको त्या ओळीत आहे. नवीन पनवेलच्या आमच्या भागात लहानथोर सगळे त्यांना दादूस म्हणायचे. आगरी घरांत थोरल्या भावाला म्हणतात तसं. मी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा, तरी मीही दादूसच म्हणायचो. ते मला भाऊ म्हणायचे. म्हणजे थोरलं कोण, हा प्रश्न आम्ही कधी सोडवलाच नाही.

दादूस शेजारच्या विचुंबे गावचे, राहायचेही तिथेच. बापाची भातशेती वसाहतीखाली गेली, काकाचं मिठागर आणखी कशाखाली तरी गेलं, आणि दादूस कळंबोलीच्या लोखंड बाजारात धर्मकाट्यावर नोकरीला लागले. भरलेला ट्रक काट्यावर येऊन उभा राहतो आणि केबिनमधल्या माणसाला आकडा दिसतो, तो काटा. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. पहिली पाच वर्षं आकडा बघून वजन सांगितलं. पुढची पंचवीस वर्षं टायरची फुगी बघून आधी वजन सांगायचं आणि मग आकडा बघायचा, असा त्यांचा क्रम होता. "काटा बिघाडला का नाय ते समजाया नको?" असं ते म्हणत. त्यांच्या मते ते काट्याची परीक्षा घेत होते.

निवृत्तीनंतर ट्रक राहिले नाहीत, पण खोड राहिली. हाताला लागेल ते तोलायचे. मी भाजी घेऊन येताना दिसलो की पिशवी हातातून घेत, दोनदा वरखाली करत आणि म्हणत, "तीन किलो तीनशे. कांदे जास्ती झालं, भाऊ. वयनी रागावतील." घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी चोरून तपासायचो. तीन किलो दोनशे ऐंशी. वीस ग्रॅमचा फरक त्यांना सांगितला तर म्हणाले, "रस्त्यान कोथिंबीर सुकली."

लग्नात आहेराचं पाकीट देताना ते तोलत. तान्हं बाळ बघायला गेले की आईच्या आधी बाळाचं वजन सांगत आणि दवाखान्याचं कार्ड मागवून खात्री करून घेत. एकदा डॉक्टरांनी त्यांना वजनकाट्यावर उभं राहायला सांगितलं, तर आधी "एकसष्ट आठशे" म्हणून मगच चढले. काट्यानं बासष्ट दाखवले. दादूस खाली उतरले, चपला काढून पुन्हा चढले. एकसष्ट आठशे. डॉक्टरांना म्हणाले, "माजा काय नाय, चपलेचा बघा."

दुसरी खोड पाठकोऱ्या कागदांची. एका बाजूनं छापलेला कागद टाकलेला दिसला की त्यांच्या जिवाला घोर लागायचा. लग्नपत्रिका, विजेची बिलं, शाळेच्या प्रश्नपत्रिका, औषधाच्या दुकानातली जाहिरात, सगळ्यांच्या पाठी ते गोळा करून ठेवत. किराण्याची यादी लग्नपत्रिकेच्या मागे, तर पाहुण्यांना घराचा रस्ता दाखवणारा नकाशा कुणाच्या तरी दहाव्याच्या कार्डामागे. मी त्यांना एकदा कोऱ्या कागदांचं आख्खं रीम भेट दिलं. त्यांनी ते तोललं, नीट कपाटात ठेवलं आणि म्हणाले, "याची एक बाजू वापरा नि मंग माज्याकडं द्या."

मी एका कारखान्याच्या कचेरीत आवक-जावक कारकून होतो. चौतीस वर्षं. आलेला प्रत्येक कागद नोंदवायचा, गेलेला प्रत्येक कागद नोंदवायचा. चौतीस वर्षांत माझ्या हातून एक कागद गहाळ झाला नाही, हे मी लोकांना सांगायचो. फार वेळा सांगायचो. मी "चौतीस वर्षांत" असं म्हणालो की दादूस पुढचं पूर्ण करायचे, "एक कागद गेला नाय!" आणि मग आम्ही दोघेही हसायचो. ते का हसायचे याचा मी फारसा विचार केला नव्हता.

त्यांच्या रविवारांची सुरुवात एका पिशवीनं झाली. आमच्या इमारतींच्या मागे मोकळं मैदान आहे, आणि मैदानाच्या कडेनं नाला. दादूस रोज सकाळी नाल्याच्या कडेनं चालत. एके दिवशी त्यांना पाण्यात अडकलेली पिशवी दिसली. आत जुन्या बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधं, फुटलेली ट्यूबलाइट आणि मोबाइलचे चार चार्जर. औषधांत डॉक्टरांची चिठ्ठी होती, चिठ्ठीवर नाव होतं, आणि ते नाव आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांचं होतं. दादूसनी पिशवी निथळून घेतली, तिसऱ्या मजल्यावर गेले आणि घंटी वाजवली.

"साहेब, तुमची पिशवी नाल्यान पडली व्हती. दोन किलो शंभर. पानी काढून."

अध्यक्षांनी दार लावायच्या आत दादूस आत जाऊन बसले होते. चहा होईपर्यंत बसले. पण निघताना त्यांनी जे विचारलं ते रास्त होतं. "घंटागाडीवाला हे घेत नाय, बरोबर हाय. मंग मानसानं हे टाकायचं कुठं?" अध्यक्षांनी दार उघडून धरलं. त्या दिवसापासून त्यांनी दादूसना नमस्कार करणं सोडलं, आणि दादूसनी पहिला रविवार सुरू केला.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ ते बारा, मैदानात, कडुनिंबाखाली. घंटागाडी नेत नाही ते सगळं आणायचं. बंद मिक्सर, वायरी, बॅटऱ्या, जुनी औषधं, तुटक्या छत्र्या, कपडे, रद्दी. तळोज्याहून एक टेम्पोवाला बाराला येऊन वेगवेगळं भरून नेई. मी टेबल मांडून नोंद करत बसे. कोणी काय आणलं ते नोंदवल्याशिवाय मला चैन पडत नसे.

लोक कचरा टाकायला येत असत, असं म्हणायची पद्धत होती. खरं तर दादूसना बघायला येत. एक बाई मिक्सर घेऊन आल्या. दादूसनी उचलला, कानाशी हलवला.

"वयनी, हा चालू हाय."

"नाही हो, बंद पडलाय."

"मोटर जाग्यावर हाय, पातं जाग्यावर हाय. कुनी दिला?"

बाईंनी मागे वळून पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "सासूबाईंनी."

"मंग परत न्या. हा कचरा नाय, हा घरचा मामला हाय."

बारा वाजता टेम्पोवाला टांगता काटा काढी तेव्हा खरी गर्दी होई. दादूस एकेका ढिगापाशी जाऊन गाठोडी हातानं उचलून बघत आणि आकडा जाहीर करत. मग काटा बोले. कधी शंभर ग्रॅम इकडे, कधी शंभर तिकडे. त्याहून जास्त कधीच नाही. पोरं टाळ्या वाजवत. टेम्पोवाला म्हणे, "दादूस, हा काटा मी घरीच ठेवतो, तुम्हीच चला गाडीत."

मग शहराचा प्रारूप आराखडा आला. तीस दिवसांत हरकती आणि सूचना द्या, अशी नोटीस लागली. नोटीस सगळ्यांच्या मोबाइलवर फिरली आणि कोणीही ती उघडली नाही. दादूस मात्र नगररचना कार्यालयात गेले, तीन तास नकाशासमोर उभे राहिले आणि आमच्या भागाच्या तुकड्याची प्रत घेऊन आले. आमचं मैदान त्यावर जांभळ्या रंगात होतं. जांभळा म्हणजे वाहनतळ. नाला झाकून सरळ केला होता.

"भाऊ, रंग चांगला हाय," दादूस म्हणाले, "पन आपल्यावर नको."

त्या महिन्यात त्यांनी पहिलाच नव्हे तर सगळे रविवार घेतले. रद्दीत आलेल्या एका कॅरम बोर्डावर त्यांनी नकाशा चिकटवला आणि नवा नियम केला. कचरा ठेवा, बोट ठेवा. म्हणजे कचरा दिल्यावर नकाशावर आपल्या घरावर बोट ठेवायचं आणि या भागाला काय हवं, काय नको ते एक वाक्य सांगायचं. तिथेच पाठकोऱ्या कागदावर लिहायचं, खाली नाव, पत्ता, सही.

सगळी मौज तिथे होती. वीस-वीस वर्षं इथे राहणाऱ्या लोकांना स्वतःची इमारत सापडेना. एक गृहस्थ पंधरा मिनिटं शोधून शेवटी नाल्यात बोट ठेवून उभे राहिले. दादूस म्हणाले, "तिथं अध्यक्षांची पिशवी राहते."

आमच्या कोपऱ्यावर मासे विकायला उरणकडची एक कोळीण बसते. तिला आम्ही मावशी म्हणतो. ती फुटका थर्मोकोलचा डबा द्यायला आली आणि नकाशाकडे बघून म्हणाली, "यान माजी जागा कंची?"

दादूसनी शोधल्यासारखं केलं. "मावशी, तुजी जागा यान नाय."

"नाय कशी? बावीस वरसं बसतंय!"

"नकाशा काढनाऱ्याला मासं चालत नसतील."

"मंग लिवा. मोठ्या अक्षरान लिवा. मी सांगतंय." आणि तिनं टोपलीवरचा हात पुसून सही केली.

कोणाला झाडं हवी होती, कोणाला नाल्यावर कठडा, कोणाला संध्याकाळी बसायला बाक. एका आजोबांनी लिहिलं की मैदानाची दिशा बदलू नये, कारण सकाळचं ऊन त्यांच्या खिडकीत तिथूनच येतं. दादूसनी कोणाचंही वाक्य गाळलं नाही. मी म्हणायचो, "हे असं चालत नाही. नीट कोऱ्या कागदावर उतरवून, अनुक्रमांक घालून, मागणी स्पष्ट करून द्यावं लागतं." ते म्हणायचे, "तुमी अनुक्रमणिका करा. मानसांचा हात मानसांचाच ऱ्हाऊ द्या." मला ते पटलं नव्हतं, पण अनुक्रमणिका केली. कागद कार्यालयात नेऊन देऊन पोचेवर शिक्का आणायचं काम माझ्याकडे होतं. हे माझंच काम होतं. चौतीस वर्षांचं.

मुदत गुरुवारी संपत होती. शेवटच्या रविवारी साडेअकराला मी सगळे कागद एकत्र करून सुतळीनं बांधले. बाहेर धूळ उडत होती. वरच्या कागदावरची शाई खराब होऊ नये म्हणून मी बाड पालथं ठेवलं. छापील बाजू वर आली. पाचवीची गणिताची प्रश्नपत्रिका. दादूसनी नुकतंच ढिगातली आणि इकडेतिकडे पडलेली सगळी रद्दी मिळून "बेचाळीस" म्हटलं होतं. ते माझ्या टेबलापाशी आले, बाड तोललं.

"पावणेदोन किलो. येवढ्या मानसांचं तोंड नि वजन बघा येवढुसं."

मी ते टेबलाखाली ठेवलं.

टेम्पो लवकर आला. टेम्पोवाल्याच्या घरी पाहुणे होते, त्याला घाई होती. लोक वायरी ओढत होते, कपड्यांचं गाठोडं सुटलं होतं. मला पसारा सहन होत नाही. मी उठलो, इकडेतिकडे पडलेले रद्दीचे गठ्ठे गोळा केले, सुतळी लावली आणि एकेक करून रद्दीच्या ढिगात नेऊन ठेवले. टेबलाभोवती स्वच्छ केलं. टेबलाखालीही केलं.

काट्यानं रद्दी पावणेचव्वेचाळीस किलो दाखवली.

कोणीतरी शिट्टी वाजवली. "दादूस चुकले! दादूस चुकले!" मुलं नाचायला लागली. टेम्पोवाल्यानं काटा दोनदा झटकून पुन्हा टांगला. पावणेचव्वेचाळीस. दादूसनी आपला उजवा हात उलटसुलट करून पाहिला, पँटला पुसला. "हात चुकला," म्हणाले. "म्हातारा झाला हात." टेम्पो गेला.

दुपारी चारला चहा पिताना मी मैदानावरून आणलेली पिशवी उघडली. अनुक्रमणिका होती. बाड नव्हतं. चव्वेचाळीस वजा पाव, वजा बेचाळीस, हे गणित पाचवीच्या मुलालाही आलं असतं. मी टेम्पोवाल्याला फोन केला. रद्दी तळोज्याला उतरवून यंत्रात दाबून झाली होती.

इथून पुढचं मी कित्येक वर्षं कोणाला सांगितलं नाही. मी दादूसना फोन लावला. खरं सांगायचं म्हणूनच लावला होता. पण त्यांनी "बोला भाऊ" म्हटलं आणि माझ्या तोंडून बाहेर आलं ते असं, "दादूस, बाड तुमच्याकडेच राहिलं ना?"

मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"थांबा, बघतो," म्हणाले.

दहा मिनिटांनी त्यांचाच फोन आला. "भाऊ, माज्याच हातनं गेलं. रद्दीन गेलं. तुमी शाई भरून ठेवा, उद्यापासून परत लिवायचं हाय."

त्यांना खरंच तसं वाटलं का, की त्यांनीही तेच गणित केलं होतं, हे मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. मी शाई भरली.

सोमवार, मंगळवार, बुधवार. दादूसनी कॅरम बोर्ड हातगाडीवर चढवला आणि इमारतीइमारतीत फिरले. खाली उभं राहून ओरडायचे, "माज्या चुकीनं तुमचं कागद गेलं! आधी शिव्या द्या, मंग सही द्या!" लोकांनी दोन्ही दिलं. "जन्मभर रद्दीवर लिहिलं की रद्दीतच जाणार," असं प्रत्येक जिन्यात कोणीतरी म्हणालं. काही जण तर आधी एकदाही फिरकले नव्हते, ते नुसते शिव्या द्यायला खाली उतरले. दादूस त्यांना सगळं बोलू देत आणि मग म्हणत, "आता उतरलाव तर बोट ठेवा." मावशीनं दुसऱ्यांदा लिहून घेताना एका जागेऐवजी चार मागितल्या. एक तिला, दोन तिच्या बहिणींसाठी आणि एक मोकळी.

मी त्यांच्याबरोबर होतो. स्टुलावर बसून लिहीत होतो. यावेळी सगळं कोऱ्या कागदावर. मी दिलेलं ते रीम दादूसनी कपाटातून काढलं होतं. दोन्ही बाजू कोऱ्या. तीन दिवसांत मी जितकं लिहिलं तितकं नोकरीत कधी लिहिलं नाही. मनात म्हणत होतो, हे प्रायश्चित्त आहे, हे झालं की फिटलं. गुरुवारी कार्यालय बंद व्हायच्या आधी पोचेवर शिक्का पडला. पहिल्या बाडापेक्षा एकोणीस हरकती जास्त निघाल्या.

फिटलं मात्र नाही. पुढच्या रविवारी सोसायटीची सभा झाली, दादूसनाही बोलावलं होतं. अध्यक्ष म्हणाले, "इतक्या महत्त्वाच्या कागदांची ज्यांना किंमत नाही, त्यांनी सुनावणीला आपल्या वतीनं बोलू नये. मी बोलेन. आणि हे कचऱ्याचे रविवारही आता समितीच बघेल." कोणी हरकत घेतली नाही. मी सभेचा लेखनिक. मी विचारलं, "कागद गहाळ झाल्याची नोंद कशी करू?"

"एका स्वयंसेवकाच्या निष्काळजीपणामुळे," अध्यक्षांनी सांगितलं.

दादूस माझ्या शेजारी पेरू कापत होते. म्हणाले, "नाव लिवा, भाऊ. नायतर लोक भलत्याचाच संशय घेतील."

मी नाव लिहिलं. तेव्हाच मला तो अर्धा पेरू मिळाला.

सुनावणीला अध्यक्ष कोट घालून आले. मोबाइलवर लिहून आणलेलं छान वाचलं. अधिकारी शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "नाला झाकायला तुमचा विरोध का? सध्या पावसाचं पाणी कुठे जातं?"

अध्यक्षांनी मोबाइलवरचा मजकूर वर सरकवला, खाली सरकवला. तिथे ते नव्हतं.

दादूस दाराशी उभे होते. त्यांना खुर्ची नव्हती. "साहेब, बोलू का? मी बोलायचा नाय असं ठरलंय, पन पानी माजं वळखीचं हाय."

अधिकारी हसले. "बोला."

"पान्याला नकाशा वाचता येत नाय, साहेब. मोठी भरती नि मोठा पाऊस एका टायमाला आला तर गाढी नदी पानी घेत नाय. तवा नाला मागं फिरतो नि आमच्या मैदानान येऊन बसतो. दोन दिस बसतो, गप गुमान जातो. तिथं तुमी गाड्या लावल्याव तर तो बसंल कुठं? अध्यक्षांच्या हॉलान बसंल. त्यांचा सोफा नवा हाय."

अध्यक्ष तिसऱ्या मजल्यावर राहतात हे कोणी सांगितलं नाही. अधिकाऱ्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

वर्ष-दीड वर्षानं अंतिम आराखडा आला. मैदान हिरवं झालं होतं. वाहनतळ महामार्गाच्या बाजूला गेला. नाला अर्धा झाकला गेलाच, अर्धा उघडा राहिला. कोपऱ्यावर मासळीचे ओटे दाखवले होते, चार. मैदानाच्या फाटकाशी एक पाटी लागली, तिच्यावर अध्यक्षांचं नाव आहे. पाटीच्या समारंभाला दादूस हजर होते. पडदा बाजूला झाल्यावर माझ्या कानाशी म्हणाले, "सत्तर किलो. दगड चांगला वापरलाय."

समितीनं चालवलेले कचऱ्याचे रविवार तीन झाले. फलक होता, टोप्या होत्या, नकाशा नव्हता, वजनाचा अंदाज नव्हता. तिसऱ्या रविवारी एकच गृहस्थ आले, तेही रस्ता चुकून. चौथ्या महिन्यात अध्यक्षांनी मला सांगितलं, "त्यांना विचारून बघा, येतात का." मी विचारलं. दादूस म्हणाले, "मी बंद कवा केलं व्हतं? तुमी लोक येत नव्हतं." पुढचे सगळे रविवार त्यांचे झाले.

पण "दादूस, आज हात बरोबर आहे ना?" ही थट्टा त्यांच्यामागे कायमची लागली. महत्त्वाचा कागद कोणाकडे द्यायचा असला की लोक हसून म्हणत, "दादूसकडे नको बाबा, भाऊंकडे द्या." ते ऐकून दादूस मान डोलवायचे. "भाऊंकडंच द्या. चौतीस वर्षांत," ते म्हणायचे आणि थांबायचे. पुढचं मी पूर्ण करावं म्हणून. मी ते पुन्हा कधी पूर्ण केलं नाही. कोणाच्या लक्षात आलं नसेल, असं मला वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. आठ दिवसांचं आजारपण. दवाखान्यात भेटायला गेलो तर नर्सला आपलं वजन सांगत होते. मी त्या दिवशी सगळं सांगणार होतो. त्यांनी माझ्या हातातली फळांची पिशवी घेतली, उचलायला गेले आणि ती त्यांच्यानं उचलली नाही. "आज तुमीच सांगा," म्हणाले. मी म्हणालो, "दोन किलो." त्यांना पटलं नाही, पण माझ्याशी वाद घातला नाही. मी पुन्हा गप्प राहिलो.

महिनाभरानं इतिवृत्ताची वही काखेत मारून मी विचुंब्याला गेलो. दादूसची बायको ओटीवर वाल सोलत होती. मी वही उघडून तिला ते वाक्य वाचून दाखवलं आणि म्हणालो, "वयनी, हे खोटं आहे. बाड मी रद्दीत टाकलं. मीच. आणि फोनवर त्यांच्या गळ्यात मारलं."

ती वाल सोलत राहिली. मग एकदम हसली. पदर तोंडाला लावून हसली.

"मंग इतकी वरसं गप कशाला बसलाव, भाव? आमाला तं त्याच दिशी ठाव हाय."

"त्यांनी सांगितलं?"

"सांगतात कशाला! सकालपासून जेवलं नव्हतं. हात चुकला, हात चुकला करत बसलं व्हतं. तुमचा फोन आला. फोन ठेवला नि माज्याकडं बघून बोललं, 'हात बरोबर व्हता.' मंग सगली भाकर खाल्ली."

मी वही मिटली. तिनं माझ्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला.

"मी बोललं, मंग भावांचं नाव का नाय घेत? तर बोललं, 'तीन दिस हातान हायेत. सगलं परत लिवायचं हाय, नि लिवनारा मानूस एकच. त्याला आता लाज वाटली तर तो दार लावून बसंल. माजा काय, मला लोक भंगारवालाच बोलतात. त्याचा हात मोडून चालायचा नाय.'"

मी ते तीन दिवस प्रायश्चित्त करत होतो असं समजत होतो. खरं तर दादूस मला सांभाळून कामाला लावत होते.

या महिन्याच्या पहिल्या रविवारी, वजन करायच्या आधी, मी कडुनिंबाखाली उभं राहून हे सगळं लोकांना सांगितलं. मग मावशीचा आवाज आला.

"म्हंजे माज्या जागेचा कागद तुमी रद्दीन घातलाव, भाव?"

"हो, मावशी."

"बरा केलाव. पयल्या कागदावर मी येकच जागा मागितली व्हती."

लोक हसले. शिव्याही पडल्या, दादूसना पडल्या होत्या तितक्याच. मी सगळ्या ऐकून घेतल्या. अध्यक्ष म्हणाले, "आता कशाला उकरता? वही बंद झालीय." मी म्हणालो, "साहेब, कागद उशिरा आला तरी आवक करावाच लागतो."

काल दुपारी मी वही उघडली आणि त्या वाक्याखाली, समासात उरलेल्या जागेत, लिहिलं. अक्षर पूर्वीसारखं राहिलेलं नाही.

"दुरुस्ती: वरील नोंदीत निष्काळजीपणाबद्दल ज्यांचे नाव आहे, त्यांची कोणतीही चूक नाही. हरकतींचे मूळ बाड प्रस्तुत लेखनिकाने स्वतःच्या हाताने रद्दीत दिले. त्या दिवशी त्यांनी सांगितलेले बेचाळीस किलो हे वजन बरोबर होते. वरचे पावणेदोन किलो माझे."